वडिलांची किल्लीची टपरी हाती घेतोय. मशीन घेऊ का?

केजकर_बीकॉम

नमस्कार मंडळी. मी केजचा, जि. बीड. वय २४, बी.कॉम. झालंय. दोनदा भरतीची परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं. बसस्टँडजवळ बाबांची सहा बाय चारची टपरी आहे, पत्र्यावर पिवळ्या रंगात 'सर्व प्रकारच्या चाव्या बनवून मिळतील' असं लिहिलेलं. आमचं घर तिच्यावरच चाललं. श्रावणात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलतात नीट, काठी घेऊन चालतात, पण उजव्या हातात कानस धरवत नाही.

टपरी दोन महिने बंद आहे. आता मी उघडावी म्हणतोय. बाबांनी जन्मभर हातानं किल्ल्या घासल्या, मला त्यातलं काही येत नाही. एक जण म्हणाला, मशीन घे, एका बाजूला जुनी किल्ली लाव, दुसऱ्या बाजूला कोरी, बटण दाबलं की झालं. पतसंस्थेचं कर्ज काढून घ्यावी का? माल काय भरू? आणि टपरीत बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात सुट्या, बिननावाच्या जुन्या किल्ल्या. सात-आठ किलो तरी भरतील. भंगारवाला पितळेचा भाव द्यायला तयार आहे. देऊन टाकतो, तेवढंच भांडवल होईल.

या धंद्यातलं कुणी असेल तर सांगा.

अंगठेबहाद्दर

स्पष्ट बोलतो, राग मानू नको. आता कुलपं नंबरवर आणि बोटाच्या ठशावर उघडतात. मोबाईल दुरुस्ती शिक.

गोलाईतला_चावीवाला

मी लातूरला गंजगोलाईत बसतो. मी बोलायलोय अन् पोरगी टाईप करायली. ती माझ्या 'हाय'चं 'आहे' करायली, तेवढं समजून घ्या.

पहिलं काम, तो डबा विकू नको. भंगारवाला आला तर त्याला चहा पाज अन् वाटंला लाव.

कारण सांगतो. आपल्याकडं मोठ्या कंपनीचं कपाट किती घरात असतं? बाकी सगळी लोखंडी कपाटं इथल्याच वर्कशॉपात पत्रा वाकवून केलेली. कुलपं त्यांना बाजारातनं डझनानं आणून बसवलेली. त्या कुलपांच्या किल्ल्यांच्या खाचा फिरून फिरून त्याच येतात. म्हणून कुणी ताई घाबरीघुबरी होऊन सांगत आली की कपाटाची किल्ली हरवली, उद्या लग्नाला जायचंय, साड्या आत अडकल्यात, की जुना माणूस डब्यातल्या वीस-पंचवीस किल्ल्या पिशवीत टाकून जातो. लई वेळा त्यातलीच एखादी फिरती, नाहीतर थोडी घासली की फिरती. तुझ्या बाबाचा डबा ही केजच्या कपाटांची खानेसुमारी आहे. अन् ती वाचता येणारा माणूस तुझ्या घरात बसलाय. त्यांना खुर्ची टाकून टपरीत बसव, एकेक किल्ली हातात दे, ते काय सांगतील ते चिकटपट्टीवर लिहून लाव. हे काम मशीनच्या आधी.

आता मशीन. घे, पण कर्ज काढून नको अन् आजच नको. मशीनला डोळे नसतात. गिऱ्हाईक जी किल्ली आणतं ती खिशात चिल्लरसोबत घासून घासून गुळगुळीत झालेली असती. मशीन ती झीजसुद्धा इमानदारीनं उतरवतं. त्यात बऱ्याचदा ती किल्ली आधीच कुणीतरी केलेली नक्कल असती. नकलेची नक्कल केली की कुलूप कधी उघडतं, कधी रुसतं, अन् माणूस तुझ्या नावानं बोटं मोडतो. म्हणून आधी विचारायचं, 'दुसरी किल्ली घरी आहे का?' असती. देव्हाऱ्याच्या मागं नाहीतर मसाल्याच्या डब्याशेजारी. ती फारशी वापरलेली नसती, ती आणायला लाव. साध्या लॅचमध्ये पाच पिना असतात, प्रत्येक पिन तिच्या मापाइतकीच उचलली तर कुलूप फिरतं. खाच केसभर खोल गेली की संपलं. अन् मशीनवर दोन्ही किल्ल्यांचा खांदा, म्हणजे मुठीजवळचा उंचवटा, एका रेषेत लागला नाही तर सगळ्या खाचा सरकतात. नवीन माणसाचे निम्मे ब्लँक, म्हणजे कोऱ्या किल्ल्या, यातच वाया जातात. माझे गेलेत.

मालाचं म्हणशील तर ब्लँक आधी. ज्या गाड्या स्टँडवर उभ्या असतात त्यांचे भर. तासभर उभा राहून मोज, कुठली मोटारसायकल किती, कुठली स्कूटी किती. माझ्याकडं ब्लँक टांगायचे निम्मे खिळे मोटारसायकलच्या ब्लँकनंच भरलेत. मग कपाटाचे, मग लॅचचे. कुलपं थोडी ठेव: ४०, ५० अन् ६५ एमएम. थोडी ब्रँडची, बाकी अलीगढची साधी. कुलपात सुटत काही नाही, पण कुलूप घेणारा 'हिची अजून एक करून द्या' म्हणतो, तिथं चार पैसे मिळतात. कडी-कोयंडा, साखळी, ड्रॉवरचं कुलूप, पेटीच्या कड्या, कीचेन, एवढं बास. शटरची कुलपं आता नको, पैसा अडकतो.

नुसत्या किल्लीवर पोट भरत नाही हेही ऐकून ठेव. जून महिन्यात मी छत्र्या दुरुस्त करतो. टेलरच्या कात्र्यांना धार लावतो. कुकरची मूठ बसवतो. माझा खरा हंगाम पण जूनच, कारण लातूरला शिकायला पोरं येतात. खोली बदलली की कुलूप नवं, आठ दिवसांत किल्ली हरवली की परत आपल्याच दारात.

शेवटचं, हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. वही ठेव. गाडीची किल्ली करायची तर आरसी बघ. घर उघडायला बोलावलं तर आधार, लाईटबिल बघ, अन् शेजारच्याला उभं कर. साबणावरचा, मेणावरचा ठसा घेऊन कुणी आला तर हात जोड. गेल्या वर्षी एक जण आला, 'भावानं घराला कुलूप घातलंय, उघडून द्या, हजार देतो.' मी म्हणलं, भावाला घेऊन या, शंभरात उघडतो. तो परत आला नाही. त्या महिन्यात हजार रुपयाची गरज मला लई होती.

धारूर_घाट

आमच्या घरचे ऊसतोडीला जातात, दसरा झाला की टोळी निघते. पाच-सहा महिने घर बंद. निघायच्या आदल्या दिवशी केजच्या बाजारातून नवं कुलूप घ्यायचं हे माझ्या लहानपणापासून ठरलेलं. बहुतेक तुझ्या बाबांकडूनच घेतलं असेल, स्टँडजवळ पिवळ्या अक्षरांची टपरी आठवते. तेव्हा दसऱ्याच्या आधी कुलपं भरून ठेव, आमचे लोक ब्रँड बघत नाहीत, कडी जाड आहे का बघतात.

चावीवाले काका, एक विचारतो. कुलूप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जातो, तरी पाडव्याला परत आलो की किल्ली आत जात नाही. आई जाताना त्यात खोबरेल सोडते.

गोलाईतला_चावीवाला

तिथंच चुकतं. खोबरेल थंडीत गोठतं. बाटलीतलं गोठलेलं दिसतं, कुलपातलं दिसत नाही. गोडेतेल चिकट होतं, त्यावर धूळ बसती, अन् आपल्या काळ्या मातीची धूळ म्हणजे आत लोणीच होतं. शिसपेन्सिलचं टोक किल्लीवर घास, सगळ्या खाचांत काळं लागू दे, ती किल्ली आत-बाहेर कर दहा वेळा. किंवा मशीनचं पातळ तेल, तेही थेंबभर. पिशवी वरून बांध, खालचं तोंड मोकळं ठेव. गच्च बांधली की आतल्या आत घाम धरतो.

केजकर, हे वाचलंस का? परत आलेल्या टोळ्या पाडव्याला तुझ्याकडं येणार. कुणाचं कुलूप गंजलंय, कुणाची किल्ली कारखान्याच्या फडातच पडली. ते आठ-पंधरा दिवस टपरी बंद ठेवू नको.

उदगीरची_सून

काका सगळे तुमच्यासारखे नसतात हो. मागच्या वर्षी वाऱ्यानं दार ओढलं गेलं, लॅच लागलं, मी कचरा टाकायला बाहेर आणि गॅसवर दूध. एकाला फोन केला. आल्या आल्या त्यानं ड्रिल काढलं, कुलूप फोडलं, पंधराशे घेतले, नवं लॅच वेगळं. दूध तर गेलंच, पातेलंही गेलं.

गोलाईतला_चावीवाला

ताई, नुसतं ओढलं गेलेलं लॅच बहुतेक वेळा न फोडता निघतं. कसं, ते इथं लिहीत नाही, वाचणारे सगळे तुमच्यासारखे नसतात. पण पुढच्या वेळी फोनवरच विचारा, 'फोडणार का उघडणार, अन् दोन्हीचे किती?' ज्याला येतं तो सांगतो. अन् एक किल्ली शेजारी ठेवत जा.

निवृत्त_मास्तर

अवांतर: कुलूप उघडण्यावरून आठवलं. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं चब कंपनीचं 'न उघडणारं' लिव्हरचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं होतं. ब्रामा कंपनीच्या कुलपासाठी तर कित्येक वर्षं दोनशे गिनींचं बक्षीस दुकानाच्या खिडकीत लावलेलं होतं. तेही त्यानं उघडलं, पण त्याला सोळा दिवस लागले.

गोलाईतला_चावीवाला

मास्तर, सोळा दिवस एकाच कुलपाशी बसलो असतो तर आमच्या घरी मलाच बाहेरून कुलूप लागलं असतं.

केजकर_बीकॉम

काका, डबा नाही विकला. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, 'खानेसुमारी'वर हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा. एक विचारायचं राहिलं. मोठ्या लिव्हरच्या कुलपाची किल्ली हातानं करायला शिकायला किती दिवस लागतील?

गोलाईतला_चावीवाला

दिवस नको मोजू. मला कसं कळलं ते सांगतो.

माझे उस्ताद नांदेडकडचे शिकलकरी सरदारजी होते. त्यांच्या आज्या-पणज्यांचं काम तलवारींना धार-पाणी करायचं, यांच्या हातात कानस आली. मी दोन वर्षं त्यांच्याकडं नुसते ब्लँक पुसले अन् चहा आणला. लिव्हर म्हणजे आत एकावर एक पत्र्या असतात, प्रत्येकीला खिडकी, किल्लीच्या पायऱ्या त्या सगळ्यांना एका ओळीत आणतात, हे तोंडपाठ होतं. डोक्यात शिरलेलं नव्हतं.

१९९३ ला ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला तव्हा मी सोळा वर्षांचा. चार-पाच दिवसांनी उस्ताद मला घेऊन एका ट्रकनं औशाकडनं किल्लारीला गेले. तिथलं बाकीचं सांगत नाही. ढिगाऱ्यातनं निघालेल्या लोखंडी पेट्या लोकांनी ओळीनं मांडल्या होत्या, झाकणं चेपलेली, किल्ल्या कुठं गेल्या कुणाला ठाऊक. कुऱ्हाडीनं फोडल्या तर पेटी कामातनं जाती, अन् तव्हा पेटी एवढंच काय ते घर उरलेलं. दोन दिवस आम्ही पेट्या उघडत होतो. उस्तादांनी एक रुपया घेतला नाही, मला मात्र दोन्ही दिवसांची मजुरी स्वतःच्या खिशातनं दिली.

तिथं एक म्हातारा आला. पेटी नव्हती. कमरेच्या करदोड्याची किल्ली सोडून उस्तादांपुढं धरली. म्हणला, 'दार गेलं, कुलूप गेलं, ही राहिली. हिला कुलूप करून द्या.' मला वाटलं, म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही. उस्तादांनी काही विचारलं नाही. झोळीतनं त्याच बनावटीचं जुनं कुलूप काढलं, रिव्हेट उडवले, लिव्हर काढून ओळीनं रुमालावर मांडल्या. मग म्हाताऱ्याची किल्ली घालायची, कुठली लिव्हर अडती बघायचं, तिची खिडकी घासायची, परत घालायची. तासभर गेला. परत रिव्हेट ठोकले. म्हाताऱ्यानं किल्ली फिरवली अन् कुलूप उघडलं. त्यानं ते पत्र्याच्या शेडला लावलं. आत एक घोंगडी अन् एक कळशी होती.

लिव्हर काय असती ते मला त्या तासात कळलं. तू पण एक जुनं कुलूप घे, बाबांसमोर बस अन् उलटं काम करून बघ. किल्ली घासायची नाही, कुलूप जुळवायचं. एक जुळलं की मग किल्ली घासायला घे.

केजकर_बीकॉम

आठ दिवसांनी लिहितोय. सोमवारपासून टपरी उघडली. बाबा खुर्चीत, मी व्हाईससमोर (किल्ली पकडायचा शिकंजा). डब्यातल्या शंभरेक किल्ल्यांना चिठ्ठ्या लागल्या. काहींना बाबा कंपनी सांगतात, काहींना थेट घर: 'ही देशपांडे वकिलाच्या कपाटाची, ही गल्लीतल्या दवाखान्याची.' घरांची नावं मी चिठ्ठीवर लिहीत नाही, बाबांनीच सांगितलं, नंबर टाक आणि वही घरी ठेव.

आज पहिली किल्ली स्वतः केली, कपाटाची, हातानं. तीन ब्लँक बिघडले, चौथा फिरला. बाबा तीनही वेळा काही बोलले नाहीत, चौथ्याला म्हणाले, कड घास, बोट कापेल. पन्नास मागितले, गिऱ्हाईकानं चाळीस दिले आणि 'पोरगा नवीन आहे' म्हणून निघून गेलं.

गोलाईतला_चावीवाला

बिघडलेले तीन ब्लँक टाकून देऊ नको, त्याच डब्यात टाक. उरलेले दहा रुपये उधारीत लिही.