फिलिपिन्समधली सुधारणा चळवळ (१८७२ ते १८९६): सेमिनारची मांडणी कशी करावी?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठात एम.ए. इतिहासाचा सेमिनार आहे, वीस मिनिटांचा. विषय घेतलाय स्पॅनिश राजवटीतली फिलिपिनो लोकांची नागरी हक्कांची चळवळ. वाचन झालंय, पण मांडणी अडलीय. सगळे जण सुरुवात तीन पाद्र्यांच्या फाशीपासून का करतात? हे लोक स्वातंत्र्य मागतच नव्हते, तर स्पेन एवढं का बिथरलं? आणि आपल्याकडच्या, शाहू महाराजांच्या वेदोक्त प्रकरणाशी तुलना केली तर चालेल, की ओढूनताणून वाटेल?

दप्तरखाना:
ताई, आधी एक दुरुस्ती. ती फाशी नव्हती, गॅरोट होता. माणसाला खांबाला टेकवून बसवायचं आणि गळ्याभोवतीचा लोखंडी पट्टा मागून स्क्रू फिरवत आवळायचा. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलाच्या बागुंबायान मैदानात गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा यांना असं मारलं. आरोप होता मनिलाजवळच्या कावीते इथल्या बंडाला चिथावणी दिल्याचा. ते बंड २० जानेवारीचं. शस्त्रागारातल्या कामगारांना कर आणि वेठबिगारीतून जुनी सूट होती, ती गव्हर्नर जनरल इस्किएर्दोने काढून घेतली, म्हणून ठिणगी पडली. जेमतेम दोनशे माणसं. दुसऱ्या दिवशी बंड मोडलंसुद्धा.

मग यात पाद्री कुठून आले? हे तिघेही कुठल्याच साधुसंघाचे (चर्चमधल्या धार्मिक पंथाचे) नव्हते, तिथल्याच मातीतले धर्मगुरू होते. गावोगावची पॅरिश, म्हणजे गावच्या चर्चचा कारभार, स्पॅनिश संघांकडून काढून स्थानिक धर्मगुरूंना द्या, ही मागणी बुर्गोस उघड मांडत होता. बंडाचं निमित्त करून त्याला संपवलं. आर्चबिशपनेसुद्धा त्यांचं धर्मगुरूपद काढून घ्यायला नकार दिला होता. हा तपशील सांगाच, खटला किती पोकळ होता ते वेगळं समजावावं लागत नाही.

पॅरिश म्हणजे नुसती प्रार्थना असं धरलंत तर पुढचं काही लागणार नाही. ऑगस्टिनियन, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, रेकोलेक्ट या संघांचा फ्रायर, म्हणजे संघाचा साधू-धर्मगुरू, हा बहुतेक गावांतला एकमेव स्पॅनिश माणूस. १८६३ च्या हुकमाने प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांवर देखरेख त्याची. वर्तणुकीचा दाखला त्याचा. गावच्या निवडणुकीत हजर तोच. तलाठी, हेडमास्तर आणि पोलीस पाटील एकाच झग्यात! त्याच्या जागी स्थानिक माणूस आणा म्हणणं म्हणजे स्पेनचा गावातला हातच काढून घेणं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

छापखाना_गल्ली:
उरलेलं निम्मं मी सांगतो. १८१०-१३, १८२०-२३ आणि १८३४-३७ या काळात स्पेनच्या संसदेत, म्हणजे कोर्तेसमध्ये, फिलिपिन्सला प्रतिनिधित्व होतं. १८३७ ला वसाहतींचा कारभार वेगळ्या कायद्यांनी चालेल असं ठरलं आणि ते गेलं. म्हणजे मार्सेलो देल पिलार हा चळवळीचा पुढारी आणि त्याची मंडळी गेलेला हक्क परत मागत होती. फिलिपिन्स हा स्पेनचा प्रांत धरा, कायद्यापुढे सगळे समान, छापायचं आणि सभा घ्यायचं स्वातंत्र्य द्या. हे दिलं असतं तर फ्रायरवर छापील टीका झाली असती आणि तिला कोर्तेसमध्ये वाचा फुटली असती. म्हणून मागणी दिसायला मवाळ असली तरी सत्तेला परवडणारी नव्हती.

आता यंत्रणा. मनिलात सेन्सॉर, म्हणून छपाई स्पेनमध्ये. ‘ला सोलिदारिदाद’ हे पाक्षिक १५ फेब्रुवारी १८८९ ला बार्सिलोनात निघालं, संपादक लोपेझ हाएना. त्याच वर्षअखेर ते माद्रिदला गेलं आणि सूत्रं मार्सेलो देल पिलारकडे आली. वर्गणी मनिलातली समिती गोळा करून पाठवायची, अंक चोरून मायदेशी जायचे. दुखणं नेमकं या साखळीत होतं. अंक पोहोचणं धोक्याचं, वर्गणी अनियमित, आणि माद्रिदमध्ये उदारमतवादी नि पुराणमतवादी आलटून पालटून सत्तेवर. एखादा मंत्री जरा अनुकूल झाला की सरकार बदलायचं. त्यात १८९१ ला चळवळीतलाच दुसरा मोठा पुढारी, लेखक होसे रिझाल आणि देल पिलार यांच्यात नेतृत्वावरून फाटलं. शेवटचा अंक १५ नोव्हेंबर १८९५ चा. हाएना आणि देल पिलार दोघेही १८९६ मध्ये बार्सिलोनात क्षयाने, हलाखीत गेले. या माणसांनी काय सोसलं ते वर्गात दोन वाक्यांत तरी सांगा.

दप्तरखाना:
वेदोक्ताची तुलना चालेल की, पण सांधा योग्य जागी हवा. धर्मविधी कोणी करायचे आणि कोणाचा अधिकार जन्मावरून नाकारायचा, हा प्रश्न दोन्हीकडे. शेवटही जवळचा आहे. तिकडे १९०२ मध्ये अग्लिपाय यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र फिलिपिनो चर्च, इकडे १९२० मध्ये शाहू महाराजांनी नेमलेले क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू. पण महाराज गादीवर होते, राजोपाध्यांचं वतन जप्त करू शकले. बुर्गोसच्या हातात लेखणीखेरीज काही नव्हतं. हा फरक लपवलात तर परीक्षक तिथंच पकडतील.

आणखी एक. माद्रिदमधल्या या मंडळींना ‘बहुजन’ म्हणू नका. बरीचशी सधन घरची, परदेशी शिकलेली, आणि पाक्षिक स्पॅनिशमध्ये. सामान्य शेतकऱ्याला ते वाचता येत नव्हतं. तुलना करायचीच तर देल पिलारच्या टागालोग, म्हणजे तिथल्या लोकभाषेतल्या, लेखनाशी करा. त्याने चर्चच्या रोजच्या प्रार्थनांचाच साचा घेऊन फ्रायरांवर विडंबन लिहिलं. जोतीरावांनी अभंगाच्या वळणावर अखंड रचले, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.

रंकाळा_काठ:
खूप आभार. मालोलोसच्या मुलींचं प्रकरण घेऊ का? वेळ पुरेल?

छापखाना_गल्ली:
घ्याच. कलाम्बाचा कुळांचा लढा एका वाक्यात उरका (डोमिनिकन संघाची हसिएंदा म्हणजे जमीनदारी, वाढता खंड, शेवटी कुळं घराबाहेर), पण मालोलोसला तीन मिनिटं द्या. १२ डिसेंबर १८८८ ला वीस तरुणींनी गव्हर्नर जनरल वेय्लरच्या हातात अर्ज दिला: स्पॅनिश शिकायला रात्रशाळा काढू द्या. गावच्या फ्रायरचा विरोध. तरी पाठपुरावा करून फेब्रुवारी १८८९ मध्ये परवानगी मिळवली, तीही स्वखर्चाने चालवायच्या अटीवर. शाळा तीनेक महिनेच चालली. हक्क मागायचा तर राज्यकर्त्यांची भाषा यायला हवी, आणि ती शिकायलाही अर्ज करावा लागतो, हे यात स्वच्छ दिसतं.

शेवटाकडे तारखा सांभाळा. रिझालने ३ जुलै १८९२ ला ‘ला लिगा फिलिपिना’ ही संघटना काढली, तीनच दिवसांत त्याला पकडलं आणि मग दापितानला धाडलं. ७ जुलैला बोनिफासिओ आणि साथीदारांनी कातिपुनान ही स्वातंत्र्यासाठीची गुप्त संघटना उभी केली. ती रिझालने काढली असं बरेच जण ठोकून देतात, ते चूक. ३० डिसेंबर १८९६ ला त्याला गोळ्या घातल्या त्या बागुंबायानातच. नकाशाच्या स्लाइडवर मनिला, कावीते, मालोलोस, कलाम्बा आणि दापितान एवढीच नावं टाका. पहिली चार जवळजवळ आहेत, दापितान पार खाली मिंदानाओत.