दुबई पाहिलेल्यांनी अनुभव लिहावेत

निशिगंध
२०२४ च्या एप्रिलमध्ये दुबईत पाणी तुंबले होते, त्याची चित्रफीत काल पुन्हा पाहण्यात आली आणि आमची सहल आठवली. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा मान दुखेपर्यंत पाहिला खरा, पण मनात घर केले ते देरा आणि बर दुबई यांच्यामधल्या खाडीने. एका दिरहमात पैलतीरी नेणारी अब्रा ही लाकडी होडी, तिच्यात पाठीला पाठ लावून बसलेले कामगार, हातोहात नावाड्याकडे सरकणारी नाणी आणि डिझेलचा वास यांमुळे रेवसच्या लाँचमध्ये बसल्यासारखेच वाटले. आपण काय पाहिलेत?

कोकणचा पाहुणा
निशिगंधताई, आमचे आजोबा रत्नागिरीहून तिकडे गेले तेव्हा तिथे रुपयाच चालत असे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि दुबईत त्या १९६६ पर्यंत वापरात होत्या. त्याच वर्षी तिथल्या समुद्रात तेल सापडले. तरीही शहर निव्वळ तेलावर उभे राहिले हे मला पटत नाही, कारण दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून खाडीतला गाळ उपसून घेतला तो त्याआधीच, आणि मोठी गलबते आत येऊ लागल्यावर व्यापार वाढला. तेलाचा पैसा पुढे जेबेल अलीच्या बंदरासारख्या कामांना लागला, हेच मला खरे शहाणपण वाटते.

मोगरा
आम्ही ऐन ऑगस्टमध्ये गेलो होतो. बसथांबेसुद्धा वातानुकूलित असल्याचे कौतुक वाटले. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम कायद्याने बंद असते. त्या वेळी अल कूझ भागात एका अर्धवट इमारतीच्या सावलीत पुठ्ठे अंथरून, तोंडावर ओला रुमाल घेऊन झोपलेली माणसे दिसली. तीनला ऊन कुठे उतरलेले असते?

तिन्हीसांज
मोगराताई, अगदी खरे. आमचे हे तिथे साइटवर होते, तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असत.

चहाबाज
सोनेबाजारात दर ठरलेला असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर, हे ज्ञान आमच्या सौभाग्यवतींना विमानातच झाले होते. दुकानदाराने शेवटी मलाच चहा पाजला.

निशिगंध
चहाबाज, घडणावळ किती उतरवली तेवढे वहिनींना विचारून लिहा. आम्ही डिसेंबरमध्ये पुन्हा जाणार आहोत.