मदत हवी आहे: मंगळवसाहतीच्या कादंबरीमालेचा पहिला भाग, हिशेब तपासून हवा

कुळागर (फोंडा):
तीन भागांची माला योजली आहे. पहिल्या भागात २४ माणसे मंगळावर वस्ती करतात, निम्मी गोव्यातली. आराखडा असा: तिथल्या मातीचे चिरे पाडून घुमटाची घरे, मध्यावर वादळात यान कलंडते, तीन महिन्यांनी पृथ्वीवरून मदत. यातले काय टिकेल? आणि दुसऱ्या भागासाठी काय राखून ठेवू?

सडा_वास्को:
वादळ आधी बदला. मंगळावरच्या हवेची घनता आपल्या हवेच्या साठाव्या हिश्श्याइतकी. ताशी १०० किलोमीटरचा वारा तिथे आपल्याकडच्या १३ किलोमीटरच्या झुळकीएवढाच रेटा देतो, यान हलायचेही नाही. धुळीचे वादळ घात करते ते ऊन अडवून. २०१८च्या वादळात मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीच्या सौरपट्ट्यांना वीज मिळेना, ती कायमची गप्प झाली. यान उभेच ठेवा, दिवे मालवा.

तीन महिन्यांत मदत तर अशक्य. यान सोडायची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदा येते, वर प्रवासाचे सहा ते नऊ महिने, कधी त्याहून जास्तही. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ला निघाले ते २४ सप्टेंबर २०१४ला पोचले. निरोप जायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात, त्यामुळे फोनवरची भांडणे काढून पत्रांतली घाला.

चिरेखाण:
चिऱ्याची भिंत भार पेलते, ताण नाही. आत पृथ्वीइतका दाब ठेवला तर दर चौरस मीटरला १० टन रेटा बाहेरच्या बाजूला. छप्पर कोसळत नाही, वर उडू पाहते. त्यावर दोन मीटर माती रचली तरी मंगळावर तिचे वजन जेमतेम टनभर. शिवाय चिरा सच्छिद्र, हवा धरणार नाही. म्हणून आत हवाबंद फुगीर कापडी खोली, तिला दोरखंडांचे बंध, आणि चिरे-माती फक्त किरणोत्सर्ग अडवायला. दारे आत उघडणारी करा, म्हणजे आतली हवाच दार चौकटीवर दाबून धरते. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, दारे भरतीच्या पाण्याने मिटतात, तेच तत्त्व. तुमच्या गोव्याच्या पात्रांना हे सांगावे लागणार नाही!

कुळागर:
फार उपयोगी. पण वादळ गेले तर संकट कुठून आणू?

सडा_वास्को:
पाण्यातून. माणशी रोज ३.८ लिटर धरा, २४ जणांचे ९१ लिटर. अंतराळस्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवले आहे. त्या हिशेबाने रोज १.८ लिटर तूट, २६ महिन्यांत सुमारे १,४०० लिटर. आता शुद्धीकरणातला एक भाग खराब करा आणि प्रमाण ९० टक्क्यांवर आणा. तूट रोज ९ लिटर, २६ महिन्यांत ७,१०० लिटर! एकही स्फोट नाही, फक्त टाकीवरची खूण खाली सरकते. बर्फ खणता येईल, पण त्याला वीज लागते, आणि वादळाने तीच नेली आहे.

प्राणवायू फुकटात मिळतो असे मात्र लिहू नका. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीवर तिथल्या हवेतून प्राणवायू काढणाऱ्या मॉक्सी यंत्राने १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम बनवला. तुमच्या वसाहतीला दिवसाला २० किलो लागेल.

चिरेखाण:
बिघाड कोणत्या महिन्यात होतो ते नीट निवडा. वसाहत उतरल्यानंतर पुढचे यान २६व्या महिन्यात येणार, म्हणजे पृथ्वीवरून ते १९व्याच्या आसपास सुटलेले असणार. विसाव्या महिन्यात शुद्धीकरणातला तो भाग निकामी झाला, तर येणाऱ्या यानात तो नाही आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. यान आकाशात दिसते तिथे पहिला भाग थांबवा. त्यात आणखी माणसे आहेत, त्यांचेही पाणी मोजावे लागेल.

कुळागर:
म्हणजे भाग दोनमध्ये ३६ जणांचा हिशेब. तो मांडून उद्या इथेच टाकतो, तपासून द्या.