कष्टाचा पैसा आणि आयता पैसा

'बायका मुळातच सढळ हाताच्या असतात' हे सरसकट काही पटलं नाही बुवा. पैसा आला कुठून ते आधी बघा. डिक्टेटर गेम नावाचा प्रयोग आहे, एकाला पैसे देतात आणि त्यातले अनोळखी माणसाला किती द्यायचे (किंवा नाही द्यायचे) ते त्यानेच ठरवायचं. आयते मिळालेले असले की बरेच जण थोडेफार वाटतात, पण 2002 मध्ये अर्थशास्त्रज्ञ चेरी आणि मंडळींनी लोकांना आधी प्रश्न सोडवून पैसे कमवायला लावले आणि वर नावही गुप्त ठेवलं, तर जवळपास सगळ्यांनी सगळेच खिशात घातले! आणि 2001 चा आंद्रेओनी-वेस्टरलुंडचा प्रयोग बघा, देणं स्वस्तात पडत असेल (म्हणजे आपला एक रुपया सोडला की समोरच्याला त्याहून जास्त मिळतात) तेव्हा पुरुष जास्त देतात, महाग पडत असेल तेव्हा बायका.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचं. डफ्लो आणि उड्री या अर्थशास्त्रज्ञांनी पाहिलं की तिथे पुरुष सुरण-रताळ्यासारखं याम नावाचं कंद पिकवतात, त्याचा पैसा रिवाजानुसार घरच्या जेवणाला न पोरांच्या शिक्षणाला जातो, दुसऱ्या पिकाचे पैसे मात्र दारू-तंबाखूकडे वळतात. माणूस तोच, खिसा तोच.

आपल्याकडे 2016 च्या नोटाबंदीत डाळ-तांदळाच्या डब्यांतून नोटा निघाल्याच ना? घरखर्चातून बायकांनी चिकाटीने वाचवलेले ते, असे पैसे कुणी सहज वाटत नाही, मग ती कितीही मायाळू असो. उलट लाडकी बहीणचे 1500 थेट तिच्या खात्यात येतात, ते ती कुठे सोडते याचा कुणी नीट अभ्यास केला तर वाचायला आवडेल.