मदत हवी आहे: बंगळूरची विज्ञान संग्रहालयं, सोबत वडील आणि आठवीतली लेक

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर, आम्ही तिघं बंगळूरला जाणार आहोत. मी, माझे वडील आणि माझी आठवीतली मुलगी. सोलापूरहून शनिवारी उद्यान एक्सप्रेसने निघायचं, रविवारी सकाळी पोहोचायचं आणि मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. म्हणजे हातात रविवार, सोमवार, मंगळवार.

म्हैसूर-उटी यावेळी नको, असं आधीच ठरलंय. फक्त बंगळूर, आणि त्यातही विज्ञान-तंत्रज्ञानाची ठिकाणं. कारण सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल.

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. थोर अभियंते विश्वेश्वरय्या हे त्यांचं दैवत. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नाशिक-खानदेशात फिरले, नीरा कालव्यावर पाणीवाटपाची पाळीपद्धत बसवली, हे सगळं आमच्या घरात जेवताना बोललं जातं. खडकवासल्याला त्यांनी १९०३ साली बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे हा तर वडिलांचा खास विषय. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपणहून उघडायचे, उतरलं की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायची ही युक्ती पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरवरही वापरली गेली. त्यांच्या नावाचं संग्रहालय वडिलांनी अजून पाहिलेलं नाही आणि ते त्यांना दाखवावं ही माझी मनापासून इच्छा आहे.

लेकीला विमानांचं वेड आहे. तिला एचएएलचं विमान संग्रहालय बघायचंय. तिथेही आमचा एक धागा आहे. हिंदुस्तान एअरक्राफ्ट, म्हणजे आजच्या एचएएलचा मूळ कारखाना, १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला उभा केला तो वालचंद हिराचंद यांनी, आणि ते मूळचे सोलापूरचे. शाळेत हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यापासून तिचा उत्साह दुप्पट झालाय.

आता माझ्या शंका:

विश्वेश्वरय्या संग्रहालयाला पूर्ण दिवस द्यावा का? वडील प्रत्येक यंत्रापुढे थांबणार, आणि त्यांना घाई करायला माझा जीव धजावणार नाही. पण त्यांचे गुडघे दुखतात, सलग फार वेळ उभं राहवत नाही.

नेहरू तारांगणात कार्यक्रम कोणत्या भाषेत असतात? वडिलांना कानडी चांगलं समजतं, इंग्रजी बेताचं. लेकीचं नेमकं उलट.

राहायला कोणता भाग बरा? रिक्षा-टॅक्सीवर फार अवलंबून राहायचं नाहीये.

विश्वेश्वरय्यांचं जन्मगाव मुद्देनहळ्ळी या तीन दिवसांत बसेल का?

आणि या यादीत नसलेलं, पण आमच्यासारख्यांनी चुकवू नये असं काही आहे का? मॉल, वंडरलासारखी ठिकाणं सुचवू नयेत ही विनंती.

जाणकारांनी वेळ काढून लिहावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद

ताई, बंगळूरच्याच विजयनगर भागात राहतो, मुलांना घेऊन यातल्या बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन आलोय.

पहिली गोष्ट वारांची. तारांगण सोमवारी बंद असतं, त्यामुळे ते रविवारीच उरका. विश्वेश्वरय्या संग्रहालय मात्र सोमवारीही उघडं असतं आणि त्या दिवशी रविवारची झुंबड नसते. वडिलांना थांबत थांबत बघायचंय तर सोमवार हाच त्यांचा दिवस. दिवाळीच्या दिवशी ते बंद ठेवतात, पण तुम्ही भाऊबीजेनंतर येताय, म्हणजे प्रश्न नाही.

राहायला मॅजेस्टिक किंवा गांधीनगर. रेल्वे स्टेशन समोर, आणि मेट्रोच्या जांभळ्या व हिरव्या मार्गांचा सांधा तिथेच. जांभळ्या मार्गाने कब्बन पार्क स्टेशनला उतरलात की कस्तुरबा रोडवरचं संग्रहालय जवळ आहे. वडिलांसाठी तेवढ्यापुरती रिक्षा केली तरी चालेल. लालबागला हिरवा मार्ग थेट जातो.

तारांगणात कानडी आणि इंग्रजी असे वेगवेगळे खेळ असतात. माझं मत विचाराल तर तिघांनीही कानडी खेळाला बसा. घुमटावर आकाश फिरायला लागलं की मुलांना भाषेवाचून फारसं अडत नाही, आजोबांना मात्र शब्द कळायला हवेत. बाहेर छोटं विज्ञान उद्यान आहे, हाताने करून बघायचे प्रयोग मांडलेत. लेकीला तिथे मोकळं सोडा.

मुद्देनहळ्ळी या वेळी सोडा. ते चिक्कबळ्ळापूरजवळ, नंदी हिल्सच्या बाजूला आहे. जाऊन येऊन दिवस जातो आणि त्यासाठी इतर दोनपैकी एक ठिकाण गमवावं लागेल.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. विश्वेश्वरय्या संग्रहालयाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे बरेच लोक चुकीच्या क्रमाने फिरतात.

पंडित नेहरूंनी या इमारतीचं उद्घाटन १९६२ साली केलं आणि विजेवरचं पहिलं दालन १९६५ला खुलं झालं. दारातच हलणारा, गुरगुरणारा डायनासोर आहे. मुलं तिथेच अडकतात, मग वरच्या मजल्यांवरच्या गमतीच्या खेळांकडे धावतात आणि इंजिनांचं दालन घाईत उरकलं जातं. तुम्ही उलटं करा. सकाळी उघडल्या उघडल्या थेट इंजिनांच्या दालनात जा. वाफेची, तेलाची, जेट अशी इंजिनं कापून आतली रचना दिसेल अशी ठेवलीत. पिस्टन कुठे, झडप कुठे, वाफ कुठून शिरते, सगळं डोळ्यांसमोर. तुमच्या वडिलांनी नातीला इथे शिकवावं, फलक वाचायची गरजच पडणार नाही.

दुसरं, राइट बंधूंच्या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती. लाकूड, कापड आणि तारा, त्यावर पालथं झोपून चालवायचं विमान! ते उडालं १७ डिसेंबर १९०३ला. तुमच्या वडिलांचे खडकवासल्याचे दरवाजेही १९०३चेच, हे तुमचं वाचताना लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. आजोबा आणि नातीने त्या विमानासमोर जरूर एकत्र उभं राहावं.

गुडघ्यांसाठी: दुपारी जेवायला बाहेर पडा, कब्बन पार्कमध्ये झाडाखाली तासभर बसा, मग वीज आणि अवकाशाची दालनं करा. एका दमात सगळं करायला जाऊ नका. त्याच कस्तुरबा रोडवर २०२३ला सुरू झालेलं कला आणि छायाचित्रांचं नवं संग्रहालय आहे, पण तुमचा हेतू बघता मी ते सुचवणार नाही.

नोव्हेंबरात इथे दुपारनंतर पाऊस येऊ शकतो. छत्र्या आणा.

प्रतिसाद

एचएएलबद्दल लिहितो, माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

संग्रहालय जुन्या विमानतळ रस्त्यावर आहे, मराठहळ्ळीच्या बाजूला. २००८ला प्रवासी विमानं देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, म्हणून तो रस्ता ‘जुना’. तिथे मेट्रो दारापर्यंत जात नाही. जांभळ्या मार्गाने इंदिरानगरपर्यंत जाऊन पुढे रिक्षा करा.

लेकीला दोन विमानांपाशी थांबवा. एक एचटी-२. दोघांना बसायचं साधं प्रशिक्षण विमान, ५ ऑगस्ट १९५१ला पहिल्यांदा उडालं. भारतात आरेखन होऊन कारखान्यात नियमित बनलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान, आणि त्याचं आरेखन करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीतल्या गटिंगनला, हवेच्या प्रवाहांचे थोर अभ्यासक प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेला हा मराठी माणूस परत येऊन इथे विमानं बांधत होता. तुमच्या वालचंदांच्या धाग्यात हे नाव जोडाच. घाटग्यांचं नाव आपल्याकडच्या मुलांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं मारुत, हे लढाऊ जेट विमान. जर्मनीचे कुर्ट टांक इथे येऊन राहिले आणि त्यांनी ते घडवलं. १७ जून १९६१ला पहिलं उड्डाण. आकार बघा किती देखणा आहे. पण त्याच्या तोडीचं इंजिन कधी मिळालंच नाही, त्यामुळे वेग अपेक्षेइतका गाठता आला नाही. तरी १९७१च्या युद्धात राजस्थानातल्या लोंगेवालाच्या बाजूला त्याने काम केलं. चांगली रचना आणि कमी पडलेलं इंजिन, ही गोष्ट तिला नीट समजावून सांगा. आदल्या दिवशी कापलेलं जेट इंजिन बघितलेलं असेल, तर तिला ती लगेच कळेल. त्यासाठी तरी विश्वेश्वरय्या आधी आणि एचएएल नंतर, हा क्रम मोडू नका.

बरीच विमानं बाहेर उघड्यावर आहेत, म्हणून टोपी आणि पाणी हवंच.

धागालेखिका

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. वडिलांना हे वाचून दाखवलं. घाटग्यांचं नाव त्यांनी ऐकलं होतं, प्रांटल यांच्याकडे शिकल्याचं मात्र नवीन होतं. १९०३चं वाचल्यावर ते बराच वेळ त्यावरच बोलत होते.

म्हणजे रविवारी आराम आणि तारांगण, सोमवार पूर्ण विश्वेश्वरय्या, मंगळवारी एचएएल. आणखी दोन गोष्टी विचारते. हेब्बाळकडच्या नव्या सायन्स गॅलरीबद्दल वाचलं, ती आठवीतल्या मुलीला झेपेल का? आणि मंगळवारी सकाळी लालबाग घुसवता येईल का? वडिलांना तिथला खडक बघायचाय.

प्रतिसाद

सायन्स गॅलरी २०२४ला सुरू झाली. प्रदर्शनं उत्तम असतात, प्रवेश मोफत, आणि समजावून सांगायला तरुण मुलं-मुली उभी असतात. पण ती पंधरा वर्षांपुढच्यांना डोळ्यांसमोर ठेवून मांडलेली असतात. दोन वर्षांनी आणा, तेव्हा तिला त्याचं खरं मोल कळेल.

लालबाग मात्र नक्की करा. तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलेला. धरणाचा पाया कसा असावा हे आयुष्यभर बघितलेल्या माणसाला तिथे पाय ठेवून बरं वाटेल. चढ सौम्य आहे, पण वर केम्पेगौडांच्या मनोऱ्यापर्यंत जायचा आग्रह धरू नका, पायथ्याशीही तोच खडक आहे. १८८९चं काचघर बाहेरून बघून निघा.

प्रतिसाद

विजयनगरवाला पुन्हा. मंगळवारी सामान सकाळीच स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, लालबागला उजाडताच जा आणि साडेदहापर्यंत एचएएल गाठा. तिथून चारच्या आत निघा. त्यानंतर जुन्या विमानतळ रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. रिक्षाने थेट स्टेशनला यायचा मोह टाळा. इंदिरानगरपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रोने मॅजेस्टिक. गाडीआधी जेवायला निवांत वेळ मिळेल.