बटणांचा फोन अजून वापरता का? आपले अनुभव लिहा

स्मार्टफोन घरोघरी पोचूनही बटणांचा साधा फोन बाजारातून गेलेला नाही, आणि तो केवळ जुन्या आठवणींपोटी विकला जातो असे मला वाटत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी तेव्हाच्या कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला देशातला पहिला मोबाईल कॉल, येणाऱ्या कॉलचेही पैसे मोजावे लागत तो काळ, २००३मध्ये ते पैसे बंद झाल्यावर मोबाईलला आलेला बहर आणि त्याच वर्षी बाजारात आलेला, पुढे जगभर पंचवीस कोटींहून अधिक विकला गेलेला टॉर्चवाला नोकिया ११००, हे सारे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याबद्दल पुष्कळ लिहिलेही गेले आहे. येथे अपेक्षित आहेत ते आजचे अनुभव: हा फोन तुमच्या घरात किंवा कामात कोण वापरते, कशासाठी वापरते, आणि तो नेमका कुठे अडतो. सापाच्या खेळातले विक्रम कळवले नाहीत तरी चालेल.

माझ्यापुरते सांगायचे तर, सह्याद्रीत भटकायला जाताना मी साधा फोन बंद करून पाठपिशवीत ठेवतो. दऱ्याखोऱ्यांत रेंज शोधत राहिल्यामुळे स्मार्टफोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत मान टाकते, तर हा फोन मुक्कामी पोचल्यावर सुरू करून घरी दोन वाक्ये बोलण्यापुरता नेहमी शाबूत असतो. माझा वापर एवढाच असल्याने, ज्यांचे रोजचे काम या फोनवर चालते त्यांनी सविस्तर लिहावे.

वायरमन, सावंतवाडी तालुका

आमच्या भागात पावसाळ्यात झाडाच्या फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते, ती बहुधा रात्रीच. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करून लाइन बंद करून घेतल्याशिवाय आणि तसे परमिट मिळाल्याशिवाय खांबावर चढायचे नसते, आणि काम संपल्यावर आम्ही खाली उतरलो आहोत हेही त्याला फोनवरच कळवावे लागते. म्हणजे आमच्या कामात फोन ही सोय नसून सुरक्षेचा भाग आहे. भिजलेल्या बोटांनी काचेच्या पडद्यावर आकडे उमटत नाहीत, किंवा भलतेच उमटतात, आणि खिशातला रुमालही भिजलेला असल्याने बोटे पुसायची कशाला हा प्रश्न असतो. बटण मात्र दाबले की दाबले गेल्याचे बोटाला कळते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असला तरी पिशवीवरूनच नंबर लावता येतो, आणि पावसाच्या आवाजातही त्याची घंटा ऐकू येते.

हल्ली बिघाडाचे फोटो पाठवायचे असल्यामुळे स्मार्टफोनही जवळ बाळगावा लागतो. तो मोटारसायकलच्या डिकीत असतो.

कांदा उत्पादक, निफाड तालुका

आमच्या विहिरीवरची मोटर फोनवर चालते, हे शहरातल्या नातेवाइकांना सांगितले की ते एखादे ॲप असेल असे समजतात. प्रत्यक्षात स्टार्टरच्या पेटीला जोडलेल्या यंत्रात एक सिमकार्ड असते. त्या नंबरावर फोन लावला की वीज आली आहे की नाही हे यंत्र बोलून सांगते, मग एक बटण दाबले की मोटर सुरू होते आणि दुसरे दाबले की बंद होते. शेतीपंपांची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, आणि रात्रपाळीच्या दिवसांत उसाच्या कडेकडेने विहिरीपर्यंत जाणे म्हणजे बिबट्याच्या वाटेवरून जाणे असते. निफाडकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पूर्वी वीज आली का हे पाहण्यासाठी दोन-दोन वेळा उठून जावे लागे, आता अंथरुणातून फोन करता येतो. विहिरीचे पाणी संपले किंवा एखादा फेज गेला तर मोटर आपोआप थांबते आणि यंत्रच आम्हाला फोन करते. ज्यांचे नंबर त्यात नोंदवलेले आहेत त्यांचेच ते ऐकते, त्यामुळे माझा, आईचा आणि धाकट्या भावाचा असे तीन नंबर आम्ही नोंदवले आहेत. आईला लिहिता-वाचता येत नाही, परंतु मोटर चालू करण्यात ती माझ्यापेक्षा तत्पर आहे, कारण तिने नंबर वाचून नव्हे तर बटणांच्या जागा लक्षात ठेवून पाठ केला आहे. एवढेच ध्यानात ठेवावे लागते की पेटीतल्या सिमचेही रिचार्ज करायचे असते. ते संपले की मोटर मुकी होते आणि आम्ही उगाच वायरिंग तपासत बसतो.

लासलगावचा भाव मी आजही आडत्याला फोन करूनच विचारतो. पिकावर रोग दिसला तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. अडते ते संदेशांपाशी. माझ्या फोनमध्ये देवनागरी अक्षरे नसल्याने मराठीत आलेला संदेश रिकाम्या चौकोनांच्या ओळीसारखा दिसतो. हवामानाचा इशारा असो की योजनेची माहिती, मला सगळे चौकोनच. शेतकरी सन्मान निधीच्या ई-केवायसीचा ओटीपी मात्र आकड्यांत येतो, म्हणून तो तेवढा वाचता येतो.

बचत गटाची सचिव, मराठवाडा

वरच्या चौकोनांवरून आठवले. इंग्रजी लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र ७०च, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. बैठकीची तारीख, वेळ, जागा आणि 'हप्ता सोबत आणावा' एवढे मराठीत लिहिले की एकाचे दोन संदेश होतात, आणि इंग्रजी लिपीत लिहिले तर आमच्या निम्म्या महिलांना ते वाचता येत नाही. म्हणून आम्ही संकेत ठरवला आहे: माझा एक मिस कॉल आला तर बैठक ठरलेल्या वेळी आहे, लागोपाठ दोन आले तर पुढे ढकलली आहे. यात अडचण एकच, की एखादीने चुकून फोन उचलला तर पैसे माझे जातात आणि शिवाय तिच्या सुनेची तक्रारही ऐकावी लागते.

दूरध्वनी चालक, नागपूर

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. बटणांच्या फोनवर पाचच्या आकड्यावर एक उंचवटा असतो, तो बोटाला लागला की उरलेले आकडे कुठे आहेत हे शोधावे लागत नाही. नोकिया १६००मध्ये वेळ बोलून सांगण्याची सोय होती आणि मी तो संच केवळ त्यासाठी घेतला होता. त्याचा मेनू मला पायऱ्यांनी पाठ होता, म्हणजे गजर लावायचा तर कुठले बटण किती वेळा दाबायचे हे मी गणितासारखे घोकले होते. जवळच्या माणसांचे नंबर दोन ते नऊ या बटणांवर ठेवलेले असत, बटण दाबून धरले की फोन लागे.

येथे साध्या फोनचे गोडवे गायले जातील अशी माझी अटकळ होती, म्हणून उलट बाजूही नोंदवतो. आलेला संदेश दुसऱ्याकडून वाचून घेणे यात जे परावलंबन होते, ते पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, असलेल्या स्मार्टफोनने संपवले. माझ्या पगाराचा आकडा आता माझ्याआधी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना कळत नाही. तरीही गर्दीच्या बसमध्ये, एक हात दांडीला असताना आलेला फोन घ्यायचा, तर मला अजून खिशातला बटणांचाच फोन बरा वाटतो, कारण हिरवे बटण कालही तेथेच होते आणि उद्याही तेथेच असेल.

नीटची तयारी करणारी विद्यार्थिनी, लातूर

आमच्या वसतिगृहात फक्त कीपॅडचा फोन चालतो. प्रवेशाच्या दिवशी तो उघडून, त्यात इंटरनेट नाही ना, हे पाहून घेतात. सुरुवातीला फार राग आला होता. आता रात्री जेवणानंतर आईशी पाच मिनिटे बोलते आणि फोन उशाशी ठेवून देते. त्यात पाहण्यासारखे काही नसल्यामुळे तो पुन्हा हातात घेतला जात नाही. खोलीतल्या एका मैत्रिणीच्या फोनमध्ये एफएम आहे. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल असल्याने ती लावल्याशिवाय तो लागत नाही, आणि ती दोघींत वाटून आम्ही गाणी ऐकतो.

या व्यवस्थेतली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. चाचणीचे गुण, हजेरी, वेळापत्रकातले बदल हे सगळे क्लासच्या ॲपवर येते आणि ते ॲप असते बाबांच्या फोनमध्ये. त्यामुळे माझे गुण मला कळण्याआधी बाबांना, आणि बाबांकडून काकांना कळलेले असतात. फोन आला आणि आई आधी "जेवलीस का गं?" असे नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाली, की भौतिकशास्त्राचा निकाल लागला असे मी समजते.

मोबाईल दुरुस्ती करणारा, संगमनेर

साधा फोन घ्यायला आलेले गिऱ्हाईक कॅमेऱ्याबद्दल विचारत नाही. ते तीन गोष्टी विचारते: आवाज किती मोठा, बॅटरी किती दिवस, आणि टॉर्च आहे का. पूर्वी चार्जरच्या जाड पिन आणि बारीक पिन अशा दोन जाती होत्या आणि शेजाऱ्याकडे चार्जर मागायला गेलेला माणूस आधी पिनेची चौकशी करी. बीएल-५सी ही बॅटरी तर इतकी रुळली, की आजही कितीतरी कंपन्यांच्या फोनांत त्याच मापाची बॅटरी बसते आणि गिऱ्हाईक फोनचे नाव न सांगता बॅटरीचेच नाव सांगते. बॅटरी फुगली आहे का हे पाहायचे असेल तर ती सपाट काचेवर ठेवून बोटाने फिरवावी. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलेली आहे आणि तिचा मोह सोडावा. ज्यांना फुगलेली बॅटरी दाबून सपाट करण्याची हौस आहे त्यांनी ती माझ्या दुकानात करू नये.

बटणे नीट उठत नसतील तर बहुतेक वेळा आत धूळ, घाम नाहीतर पिठी साचलेली असते. उघडून साफ केले की फोन पुन्हा कामाला लागतो, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या फोनपेक्षा खूप कमी असल्याने लोक तो करतात. स्मार्टफोनचा डिस्प्ले फुटला तर किंमत ऐकून गिऱ्हाईक "घरी विचारून येतो" असे म्हणते आणि येत नाही. मेमरी कार्डात गाणी भरून देणे हे आमचे एके काळचे मुख्य उत्पन्न. ते आता फार उरलेले नाही, पण आषाढीच्या आधी काही आजोबा अजून अभंग भरून घ्यायला येतात आणि वाजवून दाखवल्याशिवाय पैसे देत नाहीत.

नोकरदार स्त्री, डोंबिवली

माझी आई वाईजवळच्या गावात एकटी राहते आणि तिच्याकडे साधा फोन आहे. तिचे रिचार्ज मी येथून करते. अनेक वर्षे मला एका गोष्टीचा वैताग होता: जिच्या फोनमध्ये इंटरनेट उघडतही नाही, तिच्यासाठी रोजच्या डेटाचा पॅक घ्यावा लागे. डिसेंबर २०२४मध्ये 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेने फक्त कॉल आणि संदेश यांचा वेगळा पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्यास मुभा दिली, तेव्हापासून मी तोच घेते. तो फार स्वस्त आहे असे नाही, पण न वापरलेल्या डेटाचे पैसे भरल्याची सल तरी उरलेली नाही.

आईला स्मार्टफोन घेऊन देण्याचा प्रयत्न झाला होता. "त्यात तुझा चेहरा दिसतो हे खरं, पण मला चेहरा बघून बोलायचं सुचत नाही बाई," असे म्हणून तिने तो माझ्याच पिशवीत परत घातला.

संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यातील तंत्रज्ञ

आमच्या कामाच्या ठिकाणी कॅमेरा असलेला फोन आत नेता येत नाही, आणि कॅमेरा नसलेला नवा फोन शोधणे आता अवघड होत चालले आहे. माझ्याजवळ एक जुना संच आहे आणि मी तो जपून वापरतो. अधिक लिहिण्याची परवानगी नाही आणि तसे फार काही लिहिण्यासारखेही नाही.

गृहिणी व अनुवादक, पुणे

यजमानांनी गेल्या वर्षी मनःशांतीसाठी स्मार्टफोन सोडून साधा फोन घेतला, आणि त्यांना ती मिळाली हे मी मान्य करते. ती कुठून आली हेही येथे नोंदवले पाहिजे. रेल्वेची तिकिटे, मुलाच्या शाळेचे गटसंदेश, सोसायटीच्या फाटकावरच्या पाहुण्यांना परवानगी देणे, भाजीवाल्याचा क्यूआर कोड, दवाखान्याची वेळ, ही सगळी कामे त्यांच्या फोनमधून निघून नाहीशी झाली नाहीत; ती माझ्या फोनमध्ये येऊन बसली. स्मार्टफोन सोडलेल्या पुरुषांच्या मुलाखती वाचताना, त्यांच्या घरात दुसरा स्मार्टफोन कोणाकडे आहे हे विचारले गेले पाहिजे असे मला वाटते.

साध्या फोनवरून काहीच होत नाही, हेही खरे नाही. *९९# लावून बँकेचे व्यवहार करण्याची सेवा फार आधीपासून आहे, आणि मार्च २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणले, त्यात इंटरनेटशिवाय फोन करून पैसे पाठवता येतात. यजमानांना मी ते शिकून घ्यायला लावले. दुकानदार मात्र, त्यांचा फोन लागून, आकडे दाबून होईपर्यंत मागच्या गिऱ्हाइकाचे सामान बांधू लागतो, म्हणून ते अखेर रोख रकमेवर आले. गॅस सिलिंडरची नोंदणी फोनवरून होते, त्यामुळे ते खाते मी त्यांच्याकडे पूर्णपणे सोपवले आहे. प्लंबर, इस्त्रीवाला आणि आत्याबाई यांना फोन करण्याचे कामही आता त्यांच्याकडेच आहे, आणि आत्याबाईंच्या फोनला लागणारा वेळ पाहता ही वाटणी अगदीच अन्याय्य नाही.

एक तिढा मात्र सुटलेला नाही. बँकेत त्यांचा नंबर नोंदवलेला असल्याने माझ्या फोनवरून वीजबिल भरले की ओटीपी त्यांच्या कार्यालयात वाजतो, आणि मी फोन करून तो विचारते. बँकेच्या त्याच संदेशात 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' असेही लिहिलेले असते, आणि ते वाक्यसुद्धा ते मला न चुकता वाचून दाखवतात.