टिशियनची युरोपा: हे चित्र कुणाच्या बाजूचं?

रानवारा: सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी रोमन कवी ओव्हिडच्या कथांवर सहा मोठी चित्रं काढली. त्यातलं शेवटचं, १५६२ मध्ये पूर्ण झालेलं, 'युरोपाचं अपहरण'. देवांचा राजा ज्युपिटर बैलाचं रूप घेऊन युरोपा या राजकन्येला समुद्रातून पळवून नेतो. माझ्या मते हा अत्याचार देखणा करून राजाला नजर केलाय. विस्कटलेलं वस्त्र, उघड्या मांड्या, वर धनुष्यबाण घेतलेले क्युपिड, म्हणजे छोटे कामदेव. फिलिपला लिहिलेल्या १५५४ च्या पत्रात टिशियनच लिहितो की याच मालिकेतल्या आधीच्या चित्रात राजकन्या डॅनाई समोरून दाखवली होती, आता प्रेमदेवता व्हीनस पाठमोरी दाखवतोय, म्हणजे दालनाला शोभा येईल. बाईचं अंग कुठल्या बाजूने दाखवायचं याचा हिशोब इतका उघड आहे!

निळीशाई: असहमत. पत्र खरं, पण चित्र नीट बघा. उचललेल्या हाताची सावली तिच्याच चेहऱ्यावर पडलीय. दुसऱ्या हाताने तिने शिंग गच्च धरलंय, सुटलं तर बुडेल. मैत्रिणी दूर किनाऱ्यावर, एवढ्याशा. नुसतं राजाला रिझवायचं असतं तर ही भीती कशाला रंगवली असती? त्याच मालिकेत ॲक्टिऑन हा शिकारी शिकारदेवता डायनाला नग्न बघतो आणि कथेत पुढे हरिण होऊन स्वतःच्याच कुत्र्यांच्या तोंडी जातो. तिथे शिक्षा बघणाऱ्याला आहे.

रानवारा: ॲक्टिऑन मरतो, पण राजाला तेच दृश्य हवं तितका वेळ बघता येतं. आणि त्याच मालिकेतल्या कॅलिस्टोचं, डायनाच्या सखीचं काय? ज्युपिटरने डायनाचं रूप घेऊन तिला फसवलं, भोगलं. चित्रात तिचे कपडे ओढून गरोदर पोट उघडं पाडतात, डायना बोट रोखून तिला हाकलते. ज्युपिटर त्या प्रसंगात कुठेच नाही! सगळा दोष तिच्या माथी.

निळीशाई: म्हणून तर ते चित्र बघवत नाही, अन्याय अंगावर येतो. मालिकेतलं व्हीनस आणि तिचा प्रियकर अडोनिस यांचं चित्रही विसरू नका. ती त्याला मिठी घालून अडवतेय, तो शिकारीला निघालाय. इच्छा तिची, नकार त्याचा. ही पुरुषी कामना कशी म्हणायची?

पाणवठा: दोघांचं वाचलं. भीती दिसते म्हणून चित्र तिच्या बाजूचं ठरतं, हे मला पटत नाही. पळवून नेण्याच्या चित्रांत बाईची भीती हासुद्धा बघणाऱ्याच्या सुखाचाच भाग असू शकतो. युरोपाच्या चित्रात बघणारा कुठे आहे ते पाहा. मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर नाही, बैलाच्या अगदी लगत, पाण्यात. तिला वाचवू पाहणाऱ्यांच्या जागेवरून बघायची सोय टिशियनने ठेवलेलीच नाही. माझं मत रानवाराच्या बाजूने.